पानिपत आणि संक्रांत

पौष महिना लागला, हलव्याच्या आणि तीळगुळाच्या परातींनी बाजारपेठा फुलू लागल्या, की मराठी घरांतून एक गोष्ट हटकून ऐकावयास मिळते. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला. त्या दिवशी मराठ्यांवर जो घाला पडला त्यावरूनच ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत रूढ झाला, अशी ती गोष्ट आहे. तिच्यात दुःख आहे आणि दैवदुर्विलासही आहे. सणाच्या दिवशीच सर्वनाश व्हावा यासारखा विरोध तो कोणता? म्हणूनच ती सांगणाराला सांगाविशी वाटते आणि ऐकणाराच्या मनात रुतून बसते. ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदे येथील मराठी कुटुंबांना तर ती अधिकच जवळची; कारण शिंदे, होळकर व गायकवाड ही तिन्ही घराणी त्या रणांगणावर उभी होती. जनकोजी आणि तुकोजी शिंदे त्या प्रसंगात नाहीसे झाले, महादजी पायाला कायमची जखम घेऊन परतले, मल्हारराव होळकर आणि दमाजी गायकवाड वाचून माघारी आले.

परंतु ही गोष्ट गणिताच्या कसोटीस लावून पाहिली, तर तिच्यातील एक सांधा निखळतो. १४ जानेवारी १७६१ ही तारीख खरी आहे. त्या दिवशी बुधवार होता, तिथी पौष शुद्ध अष्टमी होती आणि शक १६८२ होता, हेही खरे आहे. मात्र त्या दिवशी मकरसंक्रांत नव्हती. ती त्यापूर्वी तीन-चार दिवस, १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. हे कसे, याचा उलगडा करावयाचा म्हणजे पृथ्वीच्या एका अतिशय संथ गतीची ओळख करून घ्यावी लागते.

संक्रांत म्हणजे संक्रमण, सूर्याचे एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणे. अशी संक्रमणे वर्षातून बारा होतात, पण मकरसंक्रमणाचे महत्त्व वेगळे मानले गेले. कारण त्या दिवसापासून सूर्याचे उत्तरायण सुरू होते अशी आपली समजूत आहे. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी प्राण सोडण्यासाठी ज्याची वाट पाहिली तेच हे उत्तरायण. त्या कथेची भूमी कुरुक्षेत्राची. आणि पानिपतचे मैदान तेथून फार दूर नाही.

आता उत्तरायण ही काही केवळ मानण्याची गोष्ट नव्हे. ती डोळ्यांनी पाहता येते आणि काठीच्या सावलीने मोजता येते. सपाट जमिनीवर एक सरळ काठी रोवावी आणि रोज मध्यान्हीच्या वेळी तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करावी. हिवाळ्यात ही सावली रोज थोडी थोडी लांबत जाते. एक दिवस असा येतो की ती सर्वांत लांब पडते, आणि मग आखडू लागते. तो दिवस उत्तरायणारंभाचा. उज्जैनच्या वेधशाळेत यासाठीच शंकुयंत्र आहे. ही सर्वांत लांब सावली संक्रांतीच्या दिवशी पडत नाही. ती पडते २१ किंवा २२ डिसेंबरला. म्हणजे संक्रांतीचे वाण देण्याच्या सुमारे चोवीस दिवस आधीच सूर्य उत्तरेकडे वळलेला असतो. १७६० साली हा दिवस २१ डिसेंबरला पडला होता.

मग आपल्या पूर्वजांनी उत्तरायणाची गाठ मकरसंक्रांतीशी का घातली? त्यांना सावली मोजता येत नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. खरी गोष्ट अशी की त्यांनी ती गाठ घातली त्या काळी ती बरोबरच होती. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सूर्याचा मकरराशीतील प्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ या दोन्ही घटना जवळजवळ एकाच दिवशी घडत होत्या. पुढे त्या एकमेकींपासून सरकत गेल्या. त्या का सरकल्या, हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

पृथ्वी अगदी गोल चेंडूसारखी नाही. विषुववृत्तापाशी ती किंचित फुगीर आहे. सूर्य आणि चंद्र या फुगवट्याला ओढतात, आणि त्या ओढीने पृथ्वीचा कललेला आस हळूहळू घुमू लागतो. वेग मंदावत आलेला भोवरा जसा स्वतःभोवती फिरता फिरता डोलतो आणि त्याच्या आऱ्याचे वरचे टोक हवेत एक वर्तुळ काढते, तसेच हे आहे. फरक इतकाच की भोवऱ्याचे डोलणे पळा-दोन पळांत पुरे होते, तर पृथ्वीच्या आसाचा एक फेरा पुरा व्हावयास सुमारे २५,८०० वर्षे लागतात. या डोलण्यामुळे संपातबिंदू आणि अयनबिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दरवर्षी सुमारे ५० विकलांनी मागे सरकतात. ज्योतिषशास्त्रात याला अयनचलन किंवा संपातचलन म्हणतात. ग्रीक ज्योतिषी हिपार्कस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हे चलन ओळखले होते.

याचा परिणाम असा की वर्षे दोन प्रकारची होतात. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येतो ते नाक्षत्र वर्ष. त्याचे मान ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटे १० सेकंद. आणि उत्तरायणापासून पुन्हा उत्तरायणापर्यंत येतो ते सायन वर्ष. त्याचे मान ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे ४५ सेकंद. दोहोंत सुमारे २० मिनिटांचा फरक आहे. वीस मिनिटे म्हणजे एखादी आरती म्हणण्याइतका वेळ. पण शतकांच्या हिशेबात तो साचत जातो. साधारण ७१ वर्षांत त्याचा एक पुरा दिवस होतो. ऋतू सायन वर्षाने चालतात आणि ख्रिस्ती कालगणनाही त्याच वर्षाला धरून बेतलेली आहे. आपली संक्रांत मात्र नाक्षत्र, म्हणजेच निरयन, वर्षाने ठरते. म्हणून दर ७१ वर्षांच्या सुमारास ती इंग्रजी तारखेत एक दिवस पुढे जाते. जुनी पंचांगे ज्या सूर्यसिद्धान्तावरून करीत, त्यातील वर्ष तर खऱ्या नाक्षत्र वर्षाहूनही सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. तेव्हा त्या गणिताने ही सरक थोडी अधिकच वेगाने होते.

आता मागे मोजीत जावे. विसाव्या शतकात संक्रांत बहुधा १४ जानेवारीला येत असे. अलीकडे ती कधी १४ तर कधी १५ तारखेला येते. या एका दिवसाच्या हेलकाव्याचे कारण निराळे आहे: संक्रमणाचा क्षण दरवर्षी सहा तासांहून थोडा अधिक पुढे जातो आणि चौथ्या वर्षी फेब्रुवारीत एक दिवस वाढविला की पुन्हा मागे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती १२ जानेवारीला पडत असे. याला एक सर्वपरिचित पुरावा आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म कलकत्त्यास १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. तेथून आणखी एकशे दोन वर्षे मागे गेले की १७६१ साल येते. म्हणजे संक्रांत आणखी दीड-दोन दिवस अलीकडे सरकून १० जानेवारीच्या आसपास येते. पानिपतच्या छावणीत त्या वर्षी कोणी तीळगूळ वाटला असेल, तर तो युद्धाच्या तीन-चार दिवस आधी, पौष शुद्ध चतुर्थीच्या सुमारास. टिळक पंचांगाप्रमाणे, म्हणजे रेवती नक्षत्रातील तारा आरंभस्थानी धरून गणित केले, तर संक्रांत त्याहूनही अलीकडे जाते. त्या पंचांगाची संक्रांत आजही १० जानेवारीला येते. तात्पर्य, कोणतेही गणित घेतले तरी १४ जानेवारी १७६१ हा दिवस संक्रांतीचा ठरत नाही.

मग ही समजूत जन्मास कशी आली? तिचा उगम शोधण्यासाठी फार खोल जावे लागत नाही. पानिपतच्या पिढीतील माणसे ‘१४ जानेवारी’ म्हणत नव्हती. त्यांच्या कागदांत पौष शुद्ध अष्टमी आहे. फार्सी कागदांत जमादिलाखर महिन्याची सहावी तारीख आणि हिजरी ११७४ हे साल आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढून पानिपतकालीन पत्रे उजेडात आणली, ती सर्व तिथी-चांद्र कालगणनेचीच. पुढे इंग्रजी राज्यात शाळेच्या पुस्तकांतून इतिहासाच्या घटनांना इंग्रजी तारखा देण्याचा प्रघात पडला, आणि पानिपतची तारीख १४ जानेवारी म्हणून घरोघर पोचली. नेमक्या त्याच सुमारास, सरकत सरकत, संक्रांतही १४ जानेवारीवर येऊन ठेपली होती. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकाच चौकटीत दोन्ही गोष्टी दिसू लागल्या. दोन वाटसरू एका धर्मशाळेत रात्रीपुरते उतरावेत आणि पाहणाराने त्यांना सख्खे भाऊ समजावे, तसा हा प्रकार झाला. आणखी दोन हजार वर्षांनी संक्रांत फेब्रुवारीच्या मध्याला गेलेली असेल. पानिपतची तारीख मात्र होती तेथेच राहील.

वाक्प्रचाराची गोष्टही अशीच तपासून पाहण्यासारखी आहे. जुन्या पंचांगांत दर वर्षीच्या संक्रांतीचे वर्णन असते. ती देवी कोणत्या वाहनावर बसून आली, कोणत्या रंगाचे वस्त्र नेसली आहे, हातात काय घेतले आहे, काय भक्षण करते आहे, कोणत्या दिशेकडून आली आणि कोणत्या दिशेला पाहते आहे, हे सारे त्यात सांगितलेले असते. तिने जे धारण केले ते महाग होते किंवा नाश पावते, ती जिकडे पाहते तिकडे अरिष्ट येते, असा समज. ‘अमक्यावर संक्रांत आली’ या बोलण्याचा अर्थ लागण्यास एवढी कल्पना पुरेशी आहे. त्यासाठी रणांगणावर जाण्याची गरज नाही. पानिपताने मराठी भाषेला जे दिले ते वेगळेच आहे आणि त्याहून अधिक बोलके आहे. पूर्ण धूळधाण झाली की मराठी माणूस ‘पानिपत झाले’ असे म्हणतो. विश्वास या शब्दावर कोटी करून ‘विश्वास पानिपतात गेला’ असेही म्हणतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या विश्वासरावाचा मृत्यू भाषेने असा आपल्या पोटात जपून ठेवला आहे. ज्या घटनेचे स्वतःचे नावच वाक्प्रचार होऊन बसले, तिला सणाच्या नावाची उसनवारी कशाला?

तरीसुद्धा त्या दिवशीच्या लढाईशी सूर्याचा काही संबंध होता, आणि तो मात्र गणिताने दाखविता येतो. मराठ्यांची छावणी उत्तरेस होती आणि अहमदशहा अब्दालीचे सैन्य दिल्लीची वाट अडवून दक्षिणेस उभे होते. छावणी फोडून दक्षिणेकडे जावयाचे, हा सदाशिवरावभाऊंचा बेत. म्हणजे मराठी सैन्याचे तोंड दक्षिणेस आणि अफगाण सैन्याचे उत्तरेस. पानिपतचे अक्षांश सुमारे साडेएकोणतीस. १४ जानेवारीला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस एकवीस अंशांहून अधिक असतो. त्यामुळे तेथे तो पूर्वेच्या पंचवीसएक अंश दक्षिणेस उगवतो, भर मध्यान्हीही क्षितिजापासून अवघा ३९ अंश वर येतो, आणि नैर्ऋत्येकडे कलत मावळतो. सबंध दिवस तो दक्षिणेच्या आकाशात खालच्या अंगालाच राहतो. मराठ्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होते, ही जी आठवण सांगतात, तिला आकाशाची अशी साक्ष आहे. उत्तरायण लागून त्या दिवशी चोवीस दिवस झाले होते. परंतु एवढ्या काळात सूर्य उत्तरेकडे जेमतेम दोन अंश चढला होता आणि पानिपत येथील दिवस दहा-बारा मिनिटांनीच वाढला होता. उपाशी सैन्याच्या आणि दाण्यावाचून वाळलेल्या घोड्यांच्या दृष्टीने हिवाळा संपला नव्हता.

अयनापाशी सूर्याची ही चाल इतकी मंद का, हेही समजून घेण्यासारखे आहे. झोका टोकाला गेला की क्षणभर थबकल्यासारखा होतो आणि मग परततो, तसाच सूर्य अयनबिंदूपाशी रेंगाळतो. डिसेंबरच्या अखेरीस त्याची उत्तरेकडील वाटचाल नजरेस येत नाही. जानेवारीच्या मध्यानंतर ती वेग घेते. शिवाय महाराष्ट्राच्या अक्षांशांवर आणखी एक गंमत घडते. उत्तरायण लागून गेले तरी सकाळचा सूर्योदय काही दिवस उशिराच होत जातो, आणि जानेवारीच्या मध्यानंतरच तो हळूहळू अलीकडे येऊ लागतो. ‘संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो’ असे आजीबाई म्हणतात ते म्हणूनच अगदी टाकाऊ नाही. उत्तरायणाचा शास्त्रीय आरंभ आधीच झालेला असला, तरी शेतकऱ्याला आणि गृहिणीला तो जाणवू लागतो तो याच दिवसांत.

सण आणि आकाश यांत पडलेले हे अंतर आपल्या जाणत्या माणसांच्या लक्षात आले नव्हते, असे नाही. वेदांगज्योतिषाच्या काळी उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी होत असे. सहाव्या शतकात उज्जयिनीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत ती जुनी स्थिती नमूद करून, आपल्या काळी उत्तरायण मकरारंभी होते असे स्पष्ट सांगितले आणि प्रत्यक्ष निरीक्षणाने खात्री करून घेण्याचा मार्गही दाखविला. जुने वचन खोटे न म्हणता, ते पूर्वी तसे असले पाहिजे असे मानून, आजचे आकाश पाहावयास सांगणारी ही वृत्ती आहे. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांवर आधारलेली ग्रहसाधनाची कोष्टके तयार केली आणि पंचांगशोधनाची चळवळ उभी केली. विसाजी रघुनाथ लेले यांनी सायन पंचांगाचा कैवार घेतला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात या सर्व वादाचा साक्षेपाने परामर्श घेतला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी सूक्ष्म गणिताचे ग्रंथ रचले. लोकमान्य टिळकांनी या प्रश्नासाठी परिषदा भरवून पंडितांना एकत्र आणले. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पंचांगसुधारणा समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती ऋतूंना धरून चालते. तिचा पौष महिना २२ डिसेंबरला, सूर्य वळता वळता, सुरू होतो. सण मात्र परंपरेने निरयन गणनेवरच राहिले. लोकांनी आकाशाचा हिशेब स्वीकारला आणि तीळगुळाचा दिवस हलविला नाही.

आता कोणी म्हणेल, तीन-चार दिवसांच्या फरकासाठी एवढा खल कशाला? पानिपत संक्रांतीला झाले काय किंवा संक्रांतीनंतर झाले काय, गेलेली माणसे गेलीच. हे खरे आहे. परंतु गोष्टीत जो अर्थ भरला जातो त्याचा विचार केला पाहिजे. ऐन संक्रांतीला घाला पडला असे म्हटले की पराभव ग्रहांच्या माथी जातो. दिवसच वाईट होता, देवीची दृष्टीच तिकडे होती, मग भाऊ काय करणार आणि पेशवे तरी काय करणार, असे मन सांगू लागते. इतिहासाची कागदपत्रे वेगळी हकीकत सांगतात. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून मराठ्यांचा दिल्लीशी असलेला संबंध तोडला. सुरजमल जाट आधीच निघून गेला होता, राजपूत राजे अलिप्त राहिले. लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे यांचा मोठा जमाव छावणीत होता. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद पुरविणारा शेवटचा मोठा हात तुटला. दोन-अडीच महिने वेढल्यासारखी राहिलेली छावणी उपासमारीने खंगली, आणि शेवटी लढून मरावे किंवा वाट काढावी एवढाच मार्ग उरला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी व कवायती पायदळाने दुपारपर्यंत शर्थ केली. पण अब्दालीजवळ राखीव फौज होती आणि उंटांवरील जंबुरे होते, मराठ्यांजवळ राखीव काही उरले नव्हते. यांतील एकही कारण राशिचक्रात सापडणार नाही. ती सर्व माणसांच्या निर्णयांत, अंतरांत आणि धान्याच्या कोठारांत सापडतात. आणि म्हणूनच ती शिकण्यासारखी आहेत. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्लीत पुन्हा मराठी निशाण नेले, तेही ग्रह पालटले म्हणून नव्हे.

पानिपतच्या वीरांचे स्मरण १४ जानेवारीला करावे, अथवा पौष शुद्ध अष्टमीला करावे. दोन्ही योग्यच आहे. तीळगूळ देऊन गोड बोलण्याचा सणही आनंदाने करावा. दोन्ही एका दिवशी आले, तर तो कालगणनेच्या दोन चाकांनी घडविलेला योगायोग आहे एवढे मनाशी असू द्यावे. सण निरागस आहे, त्याच्यावर त्या दिवसाचे रक्त नाही. आणि जे पानिपतावर पडले त्यांच्या मरणाला अशुभ दिवसाचे कारण देणे, हे त्यांच्या पराक्रमाशी आणि त्यांच्या चुकांशीही प्रामाणिकपणाचे होणार नाही.